पुढचं घर

ती पहिल्यांदा माझ्या दारात आली ती कोळंबी घेऊन. आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांना कोळंबी, खेकडे वर्ज्य. पण नव्या शेजारणीला हे कुणी सांगितलेलं असणार? तिचा चेहरा आमच्या बाजूचा नव्हता. मी मनातल्या मनात इंग्रजीची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "मावशी, ताजी हाय. सासूबायनं उरनशी धाडलीय."

मी डब्याकडे बघावं की तिच्याकडे, हे मला कळेना. फिलिपाइन्सची बाई आणि तोंडात अस्सल आगरी! पुढे उलगडा झाला. दुबईच्या एका हॉटेलात ती कामाला होती, तिथे उरणकडच्या मिठागरवाल्या घरातला मुलगा भेटला. लग्न करून इकडे आली, तो बोटीवर गेला आणि ही सासूजवळ राहिली. सासूला इंग्रजी येत नव्हतं आणि सुनेला मराठी. भाकऱ्या थापता थापता दोघींनी आपली वाट काढली. मग नवऱ्यानं न्यू पनवेलला घर घेतलं आणि ही माझ्या समोर राहायला आली. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, मुलांच्या वह्या लाल करून सोडल्या, पण तिचं 'हाय' आणि 'नाय' मी कधी सुधारलं नाही. तिच्या तोंडी ते शोभायचं.

कोळंबी मी परत केली आणि कारणही सांगितलं. तिला राग आला नाही. तिचं लक्ष माझ्या दाराच्या चौकटीकडे होतं. आमच्या प्रत्येक घराच्या उजव्या चौकटीला मेझुझा असतो. बोटाएवढी डबी, आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेली प्रार्थना. येताजाता डबीला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची, अशी आमची रीत. मी तसं करताना तिनं जिन्यात पाहिलं असावं. तिनं पदरात खोचलेला रुमाल काढला, त्या डबीवरून हळूच फिरवला आणि वाकून स्वतःच्या उजव्या गुडघ्याला लावला.

"आत कोन हाय? तुमची आई?"

"आत कोणी नाही. अक्षरं आहेत नुसती."

"बंद हाय ना, मंग दिसत नाय," ती समजुतीनं म्हणाली. त्यांच्याकडे म्हणे देवाच्या मूर्तीवर रुमाल फिरवायचा आणि जिथे दुखतं तिथे लावायचा. मी पुन्हा एकदा अक्षरांचं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच केलं. आमच्या कुळात देवाची मूर्ती नाही, चित्र नाही, त्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ताठ मानेनं वावरलो, आणि इथे न्यू पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावर ही बाई माझ्या चौकटीचं देऊळ करून मोकळी झाली.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माझ्या दाराला हात लावणारं दुसरं उरलं होतं कोण? नवरा गेला. मुलगी लग्न होऊन इस्राएलला गेली, तिकडची झाली. फोनवर दिसते, "मम्मी, तू तिथे एकटी काय करतेस?" म्हणते. एकटं माणूस जे करतं तेच करते. भाजी निवडते, टीव्हीशी भांडते, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तेलाचा दिवा लावते आणि शब्बाथची, आमच्या विश्रांतीच्या दिवसाची, प्रार्थना म्हणते. प्रार्थनेनंतर 'आमेन' म्हणायला समोर कोणी नसतं, म्हणून तेही मीच म्हणते. त्याची सवय झाली आहे असं लोकांना सांगते. सवय झालेली नाही.

शेजारीण जिला 'आई' म्हणायची, ती मी प्रथम पाहिली एका शनिवारी संध्याकाळी. जिन्यात गाण्याचा आवाज आला म्हणून दार उघडलं, तर चार-पाच बायका हातात मेणबत्त्या घेऊन वर येत होत्या, आणि पुढचीच्या हातात कडी लावलेली काचेची पेटी. पेटीत वीतभर लाकडी मूर्ती. सावळा चेहरा, पाठीवर सोडलेले केस, डोक्यावर मुकुट आणि खाली पसरत गेलेला जरीचा झगा. सगळ्या बायका तिच्याच देशातल्या, सगळ्यांचे नवरे आपल्याकडचे. एक रोडपालीची, एक खारघरमध्ये ओव्याच्या बाजूची, एक द्रोणागिरीची, तिचा नवरा गोदामात मॅनेजर. परक्या मुलखात एकमेकींना शोधून काढलेल्या. मेरीच्या या मूर्तीला त्या शांतीची आणि सुखरूप प्रवासाची माता म्हणत. मूळ मूर्ती त्यांच्या राजधानीजवळच्या डोंगरावर आहे. तिकडे परदेशी जाणारा प्रत्येक माणूस आधी तिच्या पाया पडतो, नवी गाडी घेतली की तिच्या दारात नेतो.

त्या आईची गोष्ट माझ्या शेजारणीनं मला भाजी निवडताना सांगितली. शेकडो वर्षांपूर्वी ती मेक्सिकोहून गलबतात बसून आली. मग ज्या गलबताला भीती वाटे ते तिला बरोबर नेई, असे तिनं कितीदा महासागर पार केले. शेवटी डोंगरावर तिच्यासाठी देऊळ बांधायला घेतलं, तर ती तिथे राहीना. सारखी नाहीशी व्हायची आणि एका झाडावर सापडायची. कुठलं झाड ते तिला मराठीत सांगता येईना. मोबाइलवर चित्र दाखवलं, तर नीरफणस! माझ्या माहेरी, अलिबागेकडे, विहिरीमागे नीरफणस होता. आई त्याचे काप तळायची. "आमच्या झाडावर फक्त वानरं यायची," मी म्हटलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा अर्धा तास आम्ही नीरफणसावरच बोललो.

या बायकांची रीत अशी. मूर्ती कुणा एकीची नाही. ती एका घरी आठवडाभर राहते, रोज संध्याकाळी तिच्यापुढे माळ जपायची, आणि शनिवारी त्या घरच्या बाईनं तिला स्वतःच्या हातांनी पुढच्या घरी पोचवायचं. आठवड्याहून जास्त ठेवायचं नाही. आणि ज्या घरातून निघाली तिथे लगेच परत न्यायचं नाही, मध्ये दुसरं एक तरी घर लागलं पाहिजे. प्रवासाची माता आहे, ती बसून राहिली तर प्रवास कुणाचे करणार?

पण माणसं बसून राहत नाहीत ना. रोडपालीची कॅनडाला गेली. द्रोणागिरीच्या नवऱ्याची बदली गुजरातेत झाली. एक मुलांच्या शिक्षणासाठी माहेरी परतली. शेवटी ओव्याची आणि ही, अशी दोनच घरं उरली, आणि मग ओव्याचीही घर आवरून गेली. शेवटच्या शनिवारी ती एकटीच रिक्षानं आली, पेटी देऊन गेली. जिन्यात गाणं झालं नाही.

तेव्हापासून आई समोरच्या घरी होती. एक शनिवार गेला, दुसरा गेला. आणि त्याच सुमारास शेजारणीच्या नवऱ्याची बोट अडकली. कुठल्याशा दूरच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. मालकानं हात वर केलेले, बंदरवाले खलाशांना उतरू देईनात. फोन लागला तर लागला. बोटीवरचं गोडं पाणी जपून वापरावं लागतंय, एवढं तिला कळलं होतं. ती वाळत चालली. सासूनं गावी बोलावलं, तर जाईना. मूर्ती सोडून कशी जाणार, आणि सासूच्या देवघरात ती कशी नेणार? सासू 'आण' म्हणाली असती, पण भावकी काय म्हणेल याची हिला धास्ती.

एका दुपारी ती माझ्याकडे आली. मेझुझावरून रुमाल फिरवला, पण तो कुठेच लावला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"मावशी, आई थांबली तं बोट पन थांबली. तिला फुडचं घर नाय. एक आठवडा तुमचे घरान ठेवा."

मी नाही म्हटलं. सरळ नाही म्हटलं, आढेवेढे घेतले नाहीत. आमच्या दहा आज्ञांतली दुसरी आज्ञाच 'मूर्ती करू नका' म्हणते, असं मी तिला सांगितलं. बोट मालकाच्या कर्मानं अडकली आहे, लाकडी बाहुलीचा त्यात काय संबंध, हेही सांगितलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा माझा जुना स्वभाव. ती वाद घालायला आलीच नव्हती. "बरं," म्हणाली आणि गेली.

त्या शनिवारी संध्याकाळी मी गॅलरीत उभी होते. खाली रिक्षा थांबली होती आणि ती मांडीवर काचेची पेटी घेऊन आत बसत होती. अंगावर ठेवणीतली साडी. मला वाटलं, कुणी मिळालं वाटतं हिला. बरंही वाटलं आणि, का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं. आकाशात तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ असतो, तोपर्यंत मी कामाला हात लावत नाही. म्हणून तशीच उभी राहिले. आता विमानतळ झाल्यापासून वर तारा दिसला की आधी तो चालतोय का ते बघावं लागतं. तर मी वर बघत असतानाच तीच रिक्षा परत आली. ती उतरली, आणि पेटी तिच्या हातात तशीच.

मी दार उघडून जिन्यात गेले. "काय गं, घेतली नाही का कुणी?"

"कोनाकडं नाय गेली. स्टेशनपावत नेली न् परत आनली. जरा फिरवली." मग खालच्या आवाजात म्हणाली, "तिला वाटंल, घर बदाललं."

हसावं की रडावं! देवाला फसवायला रिक्षातून चक्कर मारून आणली होती बाईनं. पण मला हसू आलं नाही, कारण तिचा तो चेहरा माझ्या ओळखीचा होता.

आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर प्रार्थनेतला मुख्य भाग म्हणताच येत नाही. पनवेलमधली आमची माणसं एकेक करून इस्राएलला गेली, काही ठाण्याला, काही देवाघरी. माझा नवरा शेवटच्या वर्षांत शनिवारी सकाळी कडक इस्त्रीचे कपडे घालून सिनेगॉगला जायचा. ते आठ-नऊ म्हातारे व्हरांड्यात उभे राहून फाटकाकडे बघत राहायचे. दहावा आलाच नाही की हा परत यायचा. मी विचारायची, "झाली प्रार्थना?" तो म्हणायचा, "झाली की, जरा उभं राहून आलो." तेव्हा त्याचा चेहरा अस्साच असायचा.

देव आहे, प्रार्थना पाठ आहे, कपडेसुद्धा इस्त्रीचे आहेत, आणि अडलंय कशावाचून, तर एका माणसावाचून. मी जिन्यात उभी राहून तिच्या हातातल्या पेटीकडे बघत होते आणि मला आमच्या त्या नसलेल्या दहाव्या माणसाचा भयंकर राग आला. का नाही आलास रे मेल्या?

"आण इकडे," मी म्हटलं. "पण ऐकून ठेव. मी हिची पूजा करणार नाही, माळ जपणार नाही. पाहुणी म्हणून राहायचं असेल तर राहू दे."

"पावनीच हाय ती," ती म्हणाली. जेमतेम चार पावलांचा तो जिन्याचा चौक, पण ती पुन्हा आपल्या घरात गेली, मेणबत्ती लावली, आणि आपल्या दारापासून माझ्या दारापर्यंत गात गात आली. एकटीचा आवाज. उंबऱ्यावर मी दोन्ही हात पुढे केले.

पाहुणीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न. मी जिकडे तोंड करून प्रार्थना म्हणते त्या बाजूला नको, नवऱ्याच्या फोटोजवळ नको, तो वर बसून कपाळावर हात मारून घ्यायचा. शेवटी जेवणाच्या टेबलाशी, भिंतीकडच्या खुर्चीवर उशी ठेवून तिला बसवली. जेवायला बसले तर ती बरोबर समोर. त्या खुर्चीवर किती तरी काळात कोणी बसलं नव्हतं.

आठवड्याच्या मध्यावर माझी फजिती झाली. बाजारातून आले, सवयीनं मेझुझाला बोटं लावली, ओठांना लावली, पिशवी ठेवायला टेबलाशी गेले, आणि माझा हात आपोआप त्या काचेला लागून ओठांपाशी आला! मी तशीच उभी. मग मूर्तीलाच रागावले, "असं काही माझ्याकडून करून घ्यायचं नाही हं." तिच्याशी बोलायची सुरुवात झाली ती अशी भांडणातून. मग आमटीत मीठ जास्त झालं हे सांगितलं, मुलीचा फोन आला नाही हे सांगितलं. शुक्रवारी दिवा लावायच्या आधी मात्र पेटीवर नॅपकिन टाकला. आपली मर्यादा आपण पाळावी. प्रार्थना संपली, मी 'आमेन' म्हटलं, आणि खोलीत मी एकटीच आहे असं मला वाटलं नाही. हे आमच्या धर्मात बसतं का, मला माहीत नाही. बसत नसावं. मुलीलाही मी हे सांगितलेलं नाही.

शनिवारी तारे दिसल्यावर शेजारणीनं दार उघडलं आणि मी पेटी घेऊन निघाले. मला त्यांचं गाणं येत नव्हतं. शनिवारी शब्बाथ संपताना आम्ही एलियाहू हन्नाबीचं, आमच्या संदेष्ट्याचं, गाणं म्हणतो. तेच गुणगुणत गेले. मेरीबाईंनी काही तक्रार केली नाही.

मग तसंच चालू झालं. एक आठवडा तिच्याकडे, एक माझ्याकडे. तिच्या पाळीत मी संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायची. ती माळ जपायची, मी बाजूला स्वेटर विणायची. माझ्या पाळीत ती माझ्याकडे येऊन जपायची आणि मग जेवूनच जायची. नारळाच्या दुधातली कढी दोघींचीही आवडती. मी पुन्हा दोघींचा स्वयंपाक करू लागले. भात किती लावायचा याचा अंदाज मोडला होता, तो परत बसला. मला सुख लागलं होतं, असं सांगायला आता हरकत नाही.

आणि बोट सुटली. कुणा सरकारी माणसांनी मध्ये पडून खलाशांना उतरवलं. लाकडाच्या मूर्तीनं ती सोडवली असं मी आजही मानत नाही. शेजारीण मानते. मी तिच्याशी वाद घातला नाही, मिठाई वाटली.

तिचा नवरा आला तो निम्मा होऊन. खाली बसायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा. "आता बोट नाय," एवढंच बोलला. तिची आई तिकडे फिलिपाइन्सला म्हातारी झाली होती, थोडी जमीन होती, रस्त्याला लागून छोटी खानावळ काढता आली असती. सासूनं आपल्या थोरल्या मुलाकडे राहायचं ठरवलं आणि लेकाला म्हणाली, "जा बाबा, डोल्यासमोर नको, पन जिता र्‍हा." सगळं भराभर ठरलं. मी त्यांना सामान बांधायला मदत केली, लोणच्याची बरणी गळू नये म्हणून तोंडाला प्लास्टिक बांधून दिलं. सुखरूप प्रवासाची माता ती, तिनं तिचं काम चोख केलं होतं. सगळ्यांना वाटेला लावलं होतं.

निघायच्या दिवशी पाळी माझी होती. ती दारात आली, तिच्यामागे तिच्या दाराला कुलूप लागलेलं. मी पेटी पुसून, झग्याचा सुटलेला हूक शिवून तयार ठेवली होती. ती आत आलीच नाही.

"मावशी, र्‍हाव दे ती तुमचेकडं. मना तिकडं माझी आई हाय. तुमाना कोन हाय?"

मला ती मूर्ती हवी होती. त्या क्षणी इतकी हवी होती की माझे हात पेटीवरून निघेनात. कुणाला कळणार होतं? खुर्ची रिकामी राहिली नसती, आमटीत मीठ जास्त झालं तर सांगायला कोणी असतं.

"हिची रीत काय?" मी विचारलं. शाळेतला आवाज लागला माझा. "आठवडा झाला की काय?"

"फुडचं घर."

"माझ्यापुढे कुठलं घर आहे? दाखव."

तिनं मागे वळून बघितलं. तिथे तिचंच कुलूप होतं. तिनं तोंडात पदर धरला.

"मग ने तिला. पुढचं घर तुझ्या आईचं आहे. माझ्याकडे ती अडकून पडेल."

ज्या घरातून निघते त्या घरच्या बाईनं स्वतः पोचवायचं असतं. म्हणून जिन्यावरून टॅक्सीपर्यंत पेटी मीच नेली. लिफ्ट होती, पण जिन्यानं नेली. वाटेनं आमची प्रवासाची प्रार्थना म्हटली, मुलगी गेली तेव्हा म्हटली होती तीच. पेटी तिच्या मांडीवर ठेवली. तिच्या नवऱ्यानं वाकून नमस्कार केला. ती माझा हात सोडेना, मग मीच सोडवून घेतला, ड्रायव्हर हॉर्न मारत होता.

काल शनिवार होता. तारे दिसल्यावर मी उठून दार उघडलं. सवय. समोर कुलूप, चौकात माझ्याच घरातला उजेड पडलेला. मेझुझाला बोटं लावायला हात वर केला आणि मध्येच थांबले. कमरेचा रुमाल काढला, डबीवरून फिरवला, तिच्यासारखाच. दुखतं तिथे लावायचा असतो. मी तो हातात धरून उभी राहिले, आणि दार लावायचं मनात असूनही बराच वेळ लावलं नाही.